न दिसणाऱ्या खडकांचं मॉडेल: अर्थ कसा लावायचा, विश्वास किती ठेवायचा

प्रश्न थोडक्यात असा: भूशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थ्याकडे प्रबंधासाठी एका भागाचा क्षेत्रनकाशा, डझनभर बोअरहोलच्या (जमिनीत पाडलेल्या खोल भोकांच्या) नोंदी आणि दोन सेस्मिक रेषा (जमिनीत सोडलेल्या लहरींच्या परावर्तनावरून मिळालेल्या प्रतिमा) आहेत. त्यावरून जमिनीखालच्या रचनेचं त्रिमितीय मॉडेल करायचं आहे. सुरुवात कुठून करायची, सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं, आणि झालेलं मॉडेल बरोबर आहे हे कशावरून ठरवायचं?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं त्यावरच ठरतं. मॉडेल बरोबर आहे हे तुम्हाला कधीच सिद्ध करता येणार नाही. १९९४ साली नेओमी ओरेस्केस आणि त्यांच्या दोन सहलेखकांनी 'सायन्स'मध्ये हा मुद्दा नीट मांडला होता. पृथ्वीवरच्या प्रणाली बंद डब्यासारख्या नसतात, त्यातल्या बऱ्याच गोष्टी मोजलेल्याच नसतात, त्यामुळे मॉडेल निरीक्षणांशी जुळलं तरी त्याचा अर्थ इतकाच की अजून तरी ते खोटं ठरलेलं नाही. वेगळ्याच गृहीतकांवर उभं असलेलं दुसरं मॉडेलही तितकंच जुळू शकतं. मग मॉडेल करायचं कशाला? चुकीचे अर्थ बाद करायला. चार शक्यतांपैकी दोन तुम्ही पुराव्यानिशी बाद करू शकलात, तर प्रबंध चांगला झाला असं मी म्हणेन. पहिल्या दिवसापासून काम त्याच बेताने आखा.

सुरुवात वहीपासून. क्षेत्रवहीत निरीक्षण आणि अर्थ यांची सरमिसळ झाली की पुढचं सगळं गढूळ होतं. 'इथे फॉल्ट आहे' (म्हणजे खडक तुटून सरकलेत) ही नोंद जवळजवळ निरुपयोगी असते. 'साधारण हातभर रुंदीचा चुरा झालेला पट्टा. दोन्ही बाजूंचे थर जुळत नाहीत. पट्ट्याची एक कड गुळगुळीत, तिच्यावर ओरखडे. ओरखडे उताराच्या दिशेने नसून जवळजवळ आडवे' ही नोंद वर्षानंतरही कामाला येते. आडव्या ओरखड्यांवरून निदान शेवटची हालचाल तरी आडवी झाली हे कळतं, आणि तुमच्या छेदात, म्हणजे जमीन उभी कापून काढलेल्या चित्रात, तुम्ही तिथे उभी सरक दाखवली असेल तर ही एक ओळ तुम्हाला अडवते. अडवणारीच निरीक्षणं मोलाची. मी विद्यार्थ्यांना वहीचं पान मधोमध दुमडायला सांगतो: डावीकडे जे दिसलं ते, उजवीकडे जे वाटलं ते. उजवी बाजू पेन्सिलने.

थरांची वरची बाजू कोणती, हे पाहिल्याशिवाय कोणताही छेद काढू नका. तीव्र घड्या पडलेल्या भागात थर उलटे झालेले असू शकतात आणि नुसता डिप, म्हणजे थराचा आडव्या पातळीशी होणारा कोन, मोजून ते कळत नाही. वालुकाश्मात तिरपे पापुद्रे असतील तर ते खाली हळूहळू वळून थराला स्पर्श करतात आणि वर कापल्यासारखे संपतात. कणांची जाडी बहुधा खालून वर कमी होत जाते. लाव्हाच्या थरांत तळाशी नळीसारखी वायुविवरं सापडतात, माथ्याकडे विवरांची दाटी होते आणि माथा भाजल्यासारखा लालसर असतो. अशा दोन-तीन खुणा एकाच दिशेने बोलल्या की मगच थर सुलटे धरा.

१६६९ साली निकोलस स्टेनोने मांडलेली तत्त्वं, म्हणजे खालचा थर जुना, थर मुळात आडवे, ते बाजूला पसरत जातात, ही आजही पाया आहेत. पण ती डोळे मिटून लावायची नसतात. त्रिभुज प्रदेशाच्या पुढच्या उतारावर आणि वाळूच्या टेकड्यांच्या उतरत्या बाजूला गाळ मुळातच तिरपा बसतो, वाळूच्या टेकड्यांवर तर ३० अंशांच्या आसपास. तिथला डिप पाहून प्रदेश कलला असं कोणी लिहिलं तर खडकांचा काय दोष? योहानेस वाल्थरचा १८९४ चा नियमही असाच: शेजारी शेजारी साचणारे गाळ कालांतराने एकावर एक सापडतात. मात्र मध्ये खंड पडलेला नसेल तरच. हे 'तरच' बरेच जण विसरतात आणि मधे लाखो वर्षांची झीज झालेल्या दोन थरांना एकाच किनाऱ्याचे शेजारी ठरवतात.

आता बोअरहोल. कोअरच्या, म्हणजे भोकातून काढलेल्या खडकाच्या दांड्याच्या, पेटीत खडक हाताला लागतो म्हणून तो पुरावा पक्का वाटतो. पण प्रमाण बघा. एनक्यू या ठराविक आकाराच्या कोअरचा व्यास ४७.६ मिलिमीटर. पन्नास मीटर अंतराच्या जाळीत एका बोअरहोलच्या वाट्याला २,५०० चौरस मीटर क्षेत्र येतं. म्हणजे चौदा लाख भागांतला एक भाग तुम्ही पाहिलेला असतो. तुमच्याकडे डझनभर भोकं एका सबंध प्रदेशासाठी आहेत, तेव्हा हिशेब याहून कितीतरी तुटपुंजा. शिवाय कोअरमधला जो भाग चुरा होऊन वाहून गेला, तोच बहुधा सर्वात महत्त्वाचा असतो. फॉल्टचा पट्टा, कुजलेला खडक, मऊ चिकणमाती हीच माणसं गैरहजर राहतात. म्हणून लॉग, म्हणजे भोकाची नोंद, वाचताना खडकाच्या नावाआधी 'रिकव्हरी'चा, म्हणजे किती टक्के कोअर हाती आला त्याचा, रकाना पाहा. सलग नव्वद टक्क्यांच्या वर असलेली रिकव्हरी एखाद्या तीन मीटरच्या टप्प्यात एकदम चाळीसवर आली, तर त्या तीन मीटरांचा संशय घ्या.

जाडीचं गणित शाळेतलं आहे, तरी चुकतं. उभ्या भोकात १०० मीटर लांबीचा थर लागला आणि त्याचा डिप ६० अंश असेल, तर त्याची खरी जाडी ५० मीटर. शेजारच्या भोकात तोच थर ५५ मीटर लागला आणि तिथे डिप २५ अंश असेल, तर खरी जाडीही जवळपास ५० मीटरच. डिपचा विचार न करता दोन्ही आकडे शेजारी मांडले, की थर झपाट्याने पातळ होतोय असं वाटतं आणि त्यावर एक संपूर्ण खोरं रचलं जातं. छेदाच्या दिशेचंही तसंच. खरा डिप ४० अंश असला आणि तुमचा छेद स्ट्राइकशी (थरावरच्या आडव्या रेषेच्या दिशेशी) ३० अंशांचा कोन करत असला, तर छेदात डिप दिसेल सुमारे २३ अंश. उभं प्रमाण पाचपट ताणलं तर दहा अंशांचा निवांत उतार एक्केचाळीस अंशांचा कडा होतो. सादरीकरणासाठी ताणलेली चित्रं खुशाल दाखवा, पण अर्थ लावताना दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं असलेला छेदच समोर ठेवा.

छेद पहिल्यांदा हाताने काढा, असा माझा आग्रह आहे. जुनाट वाटेल. पण हाताने रेघ ओढताना प्रत्येक ठिकाणी निर्णय घ्यावा लागतो, आणि आपण कुठे निव्वळ अंदाज करतोय हे कळतं. सॉफ्टवेअर तोच अंदाज गुपचूप करून मोकळं होतं.

छेद तयार झाला की तो उलगडून पाहा. १९६९ मध्ये डाल्स्ट्रॉमने संतुलित छेदांची जी कल्पना पक्की केली, ती सांगायला सोपी आहे: घड्या आणि फॉल्ट उलटे फिरवून थर पुन्हा आडवे केले, तर प्रत्येक थराची लांबी एकमेकांशी जुळली पाहिजे. छेदातल्या वरच्या थराची लांबी २० किमी भरली आणि खालच्या थराची १६, तर मधले ४ किमी कुठे गेले याचं उत्तर द्यावं लागेल. एखादा थर दुसऱ्यावरून सरकलेला असेल, मऊ थर पिळून जाड झाला असेल, किंवा सरळ सरळ छेद चुकला असेल. दिसायला सुंदर असलेले कितीतरी छेद या एका परीक्षेत पडतात. अर्थात मीठ किंवा वितळलेला खडक छेदाच्या आत-बाहेर वाहत असेल, किंवा सरक छेदाला आडवी असेल, तर ही परीक्षा लागू होत नाही. मग तसं लिहायचं.

ही परीक्षा एवढी का महत्त्वाची, याला आकड्यांचा आधार आहे. क्लेअर बाँड आणि सहकाऱ्यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी संगणकावर एक भूरचना घडवली, तिची कृत्रिम सेस्मिक प्रतिमा बनवली आणि ती ४१२ भूशास्त्रज्ञांना वाचायला दिली. खरं उत्तर माहीत होतं, कारण ते त्यांनीच घडवलं होतं. योग्य भूविवर्तनी परिस्थिती, म्हणजे कवच ताणलं गेलं की दाबलं गेलं वगैरे, ओळखली फक्त २१ टक्के लोकांनी. तीन मुख्य फॉल्ट दाखवले २३ टक्क्यांनी. आयुष्यभर ताणाच्या प्रदेशात काम केलेल्याला ताण दिसण्याकडे कल असतो, मिठाच्या घुमटांवर काम केलेल्याला मीठ. पुढच्या अभ्यासात असं दिसलं की 'ही रचना टप्प्याटप्प्याने कशी घडली असेल' हे जे कागदावर काढून पाहतात, त्यांचं उत्तर बरोबर येण्याची शक्यता वाढते. उलगडून पाहण्याचा फायदा हाच: तुमच्या चित्राला इतिहास द्यावा लागतो, आणि अशक्य चित्राला इतिहास देता येत नाही.

तुमच्या दोन सेस्मिक रेषांबद्दल. पडद्यावर दिसतात ते खडक नव्हेत, ध्वनिरोध (खडकाची घनता गुणिले त्यातला लहरींचा वेग) बदलल्याच्या जागा आहेत, आणि उभा अक्ष मीटरमध्ये नसून वेळेत आहे. खडकातला वेग ३,००० मीटर प्रति सेकंद आणि लहरींची मुख्य वारंवारता ३० हर्ट्झ असेल तर तरंगलांबी १०० मीटर. वेगळा थर ओळखायची साधारण मर्यादा तिच्या पाव भागाएवढी, म्हणजे २५ मीटर. त्याहून पातळ थराचा माथा आणि तळ एकमेकांत मिसळतात. बोअरहोलमध्ये ८ मीटरचा कोळशाचा थर लागला म्हणून तो सेस्मिकवर बोट ठेवून दाखवू नका; तिथे दिसतंय ते अनेक थरांचं एकत्रित प्रतिबिंब असेल. वेळेतून खोलीत जाताना वेगाचा घोळ होतो. आजूबाजूपेक्षा जास्त वेगाचा खडक, जसं की मीठ, वर असेल तर त्याखालचे आडवे थरही वर उचलल्यासारखे दिसतात. त्या 'उंचवट्या'खाली तेल सापडेल म्हणून भोकं पाडली गेलेली आहेत.

सेस्मिकवर फार भिस्त ठेवणाऱ्यांना मी रशियातल्या कोला द्वीपकल्पाची आठवण करून देतो. तिथे १९७० साली संशोधनासाठी बोअरहोल सुरू झालं आणि १९८९ पर्यंत ते १२,२६२ मीटर खोल गेलं. सेस्मिक वेगावरून अंदाज असा होता की सुमारे ७ किमीवर ग्रॅनाइटी खडक संपून बेसाल्टी थर लागेल. बेसाल्ट लागलाच नाही. वेगातला बदल खरा होता, मोजमाप चोख होतं. फक्त तो बदल खडकाची जात बदलल्यामुळे नव्हता, तर रूपांतर झालेल्या, तडे जाऊन पाणी धरून असलेल्या खडकामुळे होता. पाठ्यपुस्तकांत छापलेला अर्थ एका भोकाने खोडला.

गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीत हीच अडचण गणिताच्या मुळाशीच बसलेली आहे. एकच विसंगती, म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी-जास्त भरलेलं गुरुत्व, खोल, लहान, घन वस्तूमुळेही येते आणि उथळ, पसरट, हलक्या फरकाच्या वस्तूमुळेही. नुसत्या गुरुत्वाच्या आकड्यांवरून यातली एक निवडता येत नाही. मर्यादा मात्र घालता येते. वस्तू गोलाकार मानली तर तिच्या केंद्राची खोली विसंगती निम्मी होते त्या अंतराच्या साधारण १.३ पट येते. उच्चांकापासून दोन किमीवर विसंगती निम्मी झाली असेल तर खोली २.६ किमीच्या आसपास, आणि वस्तू पसरट असेल तर त्याहून उथळ. 'उत्तर हे' असं म्हणता आलं नाही तरी 'उत्तर याच्या पलीकडे नाही' असं म्हणता येतं. प्रबंधात हे दुसरं वाक्य लिहायला कमीपणा मानू नका.

अनेक गृहीतकं एकाच वेळी हाताशी ठेवायची पद्धत टी. सी. चेंबरलिन यांनी १८९० मध्ये मांडली. त्यांचं म्हणणं असं की एकच गृहीतक असलं की माणसाचा त्यावर आई-बापासारखा जीव जडतो आणि पुरावाही तो त्याच नजरेने वेचू लागतो. हे तत्त्व सगळ्यांना पाठ असतं. ते पाळूनही कसं फसायला होतं याचं उदाहरण मला जास्त शिकवणारं वाटतं.

ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट १८९१ साली अ‍ॅरिझोनातलं सुमारे १.२ किमी व्यासाचं विवर पाहायला गेले. आजूबाजूला लोखंडी अशनींचे तुकडे विखुरलेले होते. दोन गृहीतकं त्यांनी मांडली: अवकाशातून आलेल्या प्रचंड गोळ्याचा आघात, किंवा जमिनीखालच्या वाफेचा स्फोट. मग त्यांनी आघाताला खोटं पाडू शकतील अशा दोन कसोट्या ठरवल्या. गोळा खाली गाडलेला असेल तर खड्ड्यात त्याने जागा अडवलेली असणार, म्हणजे काठावर फेकलेल्या दगडमातीचं घनफळ खड्ड्याच्या पोकळीपेक्षा जास्त भरलं पाहिजे. आणि एवढं लोखंड खाली असेल तर चुंबकसुई ढळली पाहिजे. मोजणी झाली. घनफळं जवळपास सारखी आली, सुई ढळली नाही. निष्कर्ष: वाफेचा स्फोट.

पद्धत निर्दोष, मोजमाप प्रामाणिक, उत्तर चूक. चूक कसोटीच्या पोटात होती. आघातानंतर गोळा शाबूत राहतो, हे गिल्बर्ट यांनी न बोलता धरून चाललं होतं. प्रत्यक्षात प्रति सेकंद कित्येक किलोमीटर वेगाने आलेल्या वस्तूची ऊर्जा एवढी असते की तीच बहुतांशी वितळून आणि वाफ होऊन जाते. पन्नासेक मीटरची वस्तू एवढं विवर खोदू शकते. १९६० मध्ये एडवर्ड चाओ, यूजीन शूमेकर आणि सहकाऱ्यांना तिथल्या वालुकाश्मात कोएसाइट सापडलं, सिलिकाचं अतिउच्च दाबातच तयार होणारं रूप. वाफेच्या स्फोटात तेवढा दाब येत नाही. एका खनिजाने एक गृहीतक बाद केलं. म्हणून प्रत्येक कसोटीखाली तिच्या गृहीत धरलेल्या गोष्टी स्वतंत्र ओळीत लिहा. 'अमुक दिसलं नाही तर हे गृहीतक गेलं' एवढं पुरत नाही. 'अमुक दिसायलाच हवं, कारण...' या 'कारण'नंतर जे येतं तिथे घोटाळा लपतो.

वयमापनातही असाच न बोललेला भाग असतो. प्रयोगशाळेतून आकडा येतो, त्याच्यापुढे अधिक-उणे चिन्हासह त्रुटी येते, आणि आपण तो खडकाचं वय म्हणून नकाशावर टाकतो. आकडा कशाचा आहे? झिरकॉन या खनिजातल्या युरेनियम-शिशाच्या घड्याळाला (युरेनियम ठरलेल्या वेगाने शिशात बदलतं, त्यावरून वय निघतं) नऊशे अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णताही सहसा विसकटत नाही, म्हणून ते बहुधा स्फटिक बनल्याची वेळ सांगतं. अभ्रकातलं अर्‌गॉनचं घड्याळ खडक तीन-चारशे अंशांच्या खाली थंड झाला ती वेळ सांगतं. अ‍ॅपेटाइट या खनिजातले विखंडन-माग, म्हणजे युरेनियमचे अणू फुटल्याच्या खुणा, सुमारे ११० अंशांच्या खाली टिकू लागतात, आणि त्याच खनिजातलं हेलियम सत्तरच्या आसपास. एकाच ग्रॅनाइटच्या तुकड्यातून चार वेगळी वयं येतात आणि चारही बरोबर असतात: पहिलं खडक जन्मल्याचं, शेवटचं तो पृष्ठभागापासून दोन-तीन किमीवर आल्याचं. मधल्या अंतरांवरून खडक किती वेगाने वर आला हे काढता येतं, आणि प्रक्रियांच्या मॉडेलला याहून चांगली कसोटी क्वचित मिळते. गाळाच्या खडकात सापडलेला सर्वात तरुण झिरकॉन फक्त एवढंच सांगतो की गाळ त्याच्यानंतर साचला. त्यानंतर किती काळाने, ते सांगत नाही.

दोन पद्धती एकमेकींना छेद देतात तेव्हा सरासरी काढू नका. लोणारचं विवर आघाताचंच आहे याबद्दल १९७३ पासून शंका उरलेली नाही; बेसाल्टमधल्या फेल्डस्पारची आघाताने झालेली काच तिथे सापडली. पण त्याचं वय तापदीप्तीच्या पद्धतीने (तापवल्यावर खनिजातून निघणारा प्रकाश मोजून) सुमारे ५२ हजार वर्षं निघालं आणि २०११ मध्ये अर्‌गॉनच्या पद्धतीने सुमारे ५.७ लाख. दहापटीहून जास्त फरक. यांची सरासरी ही कशाचीच तारीख नाही. विचारायचं ते असं: आघाताच्या वेळी घड्याळ पूर्ण शून्यावर आलं का? जुन्या बेसाल्टमधला अर्‌गॉन काचेत अडकून राहिला असेल तर वय फुगतं. तापदीप्तीचा संकेत काळाबरोबर विझला किंवा भरून गेला असेल तर वय घटतं. कोणती चूक कोणत्या दिशेला ढकलते हे कळलं की मतभेदाचा उपयोग होतो.

रचनेकडून प्रक्रियेकडे वळू. वाळूच्या पेटीत पर्वत घडवतात हे ऐकून बरेच जण हसतात. त्यामागचं गणित किंग हबर्टने १९३७ मध्ये मांडलं. पेटीतला एक सेंटिमीटर म्हणजे निसर्गातला एक किलोमीटर धरला, तर लांबी एक लाखाने कमी झाली. गुरुत्व तेच, घनता साधारण निम्मी-पाऊण. मग खडकाची संसक्ती (कणांची एकमेकांना धरून राहण्याची ताकद), जी काही कोटी पास्कल असते, ती पेटीत शंभरेक पास्कलवर यायला हवी. कोरड्या वाळूची संसक्ती बरोबर त्याच टापूत असते, आणि तिचा घर्षणकोन खडकासारखाच तीसेक अंशांचा. म्हणून वाळू चालते. ओली माती किंवा प्लास्टिसिन त्या मापात फार कणखर पडतात. खोलवरच्या वाहणाऱ्या खडकासाठी सिलिकोनचा लगदा वापरतात, आणि तिथे वेगही मापात बसवावा लागतो. पेटीत उष्णता, रसायन, पाण्याचा दाब जवळपास नसतातच. भूमिती आणि फॉल्टचा क्रम मात्र ती फार चांगला दाखवते.

संगणकी मॉडेलमध्ये सगळं घालता येतं, आणि धोका तिथेच आहे. जितके बदलते आकडे जास्त, तितकं कशाशीही जुळवणं सोपं. भूजलाचं उदाहरण घ्या, कारण 'मॉडफ्लो' हा भूजलप्रवाहाचा संगणकी कार्यक्रम १९८४ पासून वापरात आहे आणि त्याची ही खोड जगभर पाहून झालेली आहे. स्थिर प्रवाहाच्या मॉडेलमध्ये विहिरींच्या पातळ्या मुख्यतः पुनर्भरण (जमिनीत मुरणारं पाणी) आणि पारगम्यता (खडकातून पाणी किती सहज वाहतं) यांच्या गुणोत्तरावर ठरतात. दोन्ही दुप्पट केल्या तर पातळ्या तशाच राहतात. म्हणजे नुसत्या पातळ्यांशी मॉडेल जुळवून 'पुनर्भरण इतकं' असं लिहिलं तर तो आकडा हवेतला आहे. ओढ्याला जमिनीतून मिळणारा तळप्रवाह मोजा, की गाठ सुटते. कोणताही आकडा जुळवण्यापूर्वी विचारा: माझ्या निरीक्षणांना हा आकडा वेगळा ओळखता येतो का?

भूरूपांच्या मॉडेलमध्येही एकच रूप अनेक वाटांनी घडतं. नदीच्या पात्रातली अचानक तीव्र उताराची जागा घ्या. प्रदेश उचलला गेला असेल, समुद्रपातळी खाली गेली असेल, किंवा तिथे नुसता कठीण खडक असेल. एका नदीचा छेद पाहून काहीच ठरत नाही. सगळ्या उपनद्यांच्या अशा जागा नकाशावर टाका. त्या खडकाच्या एकाच सीमेवर रांगेत बसल्या तर दोष खडकाचा. वेगवेगळ्या खडकांत असूनही, पाणलोटाचं क्षेत्रफळ हिशेबात घेऊन मुखापासून मोजलेल्या सारख्याच अंतरावर आल्या, तर खालून वर सरकत आलेली लाट समजा. मॉडेल चालवायची गरज त्यानंतर.

त्रिमितीय मॉडेल आणि सॉफ्टवेअर. हा भाग मी मुद्दामच आखडता घेतो. 'जेमपाय' मोफत आहे, पायथन येत असेल तर प्रबंधाला पुरेसं आहे, आणि एकाच डेटातून शेकडो मॉडेलं सहज काढता येतात; खाण उद्योगात 'लीपफ्रॉग' चालतं. दोन्ही बिंदूंमधून गणिती पृष्ठभाग ताणतात. हे पृष्ठभाग गुळगुळीत असतात, कारण सूत्राला गुळगुळीतपणा आवडतो. खडकांना तशी सक्ती नाही. थरांचा क्रम, कोणता फॉल्ट कोणाला कापतो, झिजेचा खंड पडलेली पातळी कोणती, हे तुम्हीच सांगायचं असतं आणि निम्मं उत्तर तिथेच ठरतं. खनिजाचं प्रमाण किंवा सच्छिद्रता भरायची असेल तर क्रिगिंग, म्हणजे मोजलेल्या जागांवरून मधल्या जागांचा सांख्यिकी अंदाज, येतं. डॅनी क्रिग यांनी १९५१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींसाठी त्याची सुरुवात केली आणि जॉर्ज मातेरों यांनी पुढे त्याला सिद्धांताची बैठक दिली. दोन गोष्टी सांभाळा. फॉल्टच्या दोन बाजूंचे किंवा दोन वेगळ्या खडकांचे नमुने एका व्हेरिओग्राममध्ये (अंतराबरोबर नमुन्यांमधला फरक कसा वाढतो त्याच्या आलेखात) घालू नका. आणि क्रिगिंगचा नकाशा वास्तवापेक्षा नेहमीच सपाट असतो. सर्वात वाईट स्थिती काय असू शकते हे पाहायचं तर संगणकी अनुकरणाने (सिम्युलेशनने) अनेक नकाशे काढावे लागतात. डझनभर बोअरहोलवर व्हेरिओग्राम नीट बसणार नाही. बसला असं दिसलं तर सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंगने तो बसवलाय असं समजा. आपोआप फॉल्ट ओळखणारे यंत्रशिक्षणाचे कार्यक्रम हजार रेषांवर वेळ वाचवतात. तुमच्या दोन रेषांवर त्यांचं काही काम नाही.

तर तुमच्यासाठी काम असं. हाताने काढलेल्या छेदांतून निदान दोन, जमल्यास तीन अर्थ निवडा, असे की ते मुळातच वेगळे असतील: एकात फॉल्ट, दुसऱ्यात घडी, तिसऱ्यात जुन्या दरीत भरलेला गाळ. फॉल्ट शंभर मीटर इकडे की तिकडे, हे दोन अर्थ होत नाहीत. प्रत्येकाचं स्वतंत्र मॉडेल करा, प्रत्येक उलगडून पाहा, आणि ज्यांना इतिहास देता येत नाही ती काढून टाका. उरलेल्या मॉडेलांची एकमेकांतून वजाबाकी करून नकाशा काढा. ती सर्वात जास्त जिथे फारकत घेतात तिथे पुढचं बोअरहोल हवं. सगळी मॉडेलं एकमताने जे सांगतात तिथे भोक पाडून बातमी फारशी मिळत नाही, तरी बहुतेक भोकं तिथेच पाडली जातात, कारण तिथे निराशा होत नाही. नवं बोअरहोल परवडणार नसेल, आणि प्रबंधात ते बहुधा परवडत नाहीच, तर बारांपैकी दोन आत्ताच बाजूला काढा. कडेची निवडा, मधली नकोत. मधल्या भोकाचा अंदाज शेजारच्यांवरून कोणीही करेल. त्यांचे लॉग पाहिले असतील तर ती दोन भोकं एखाद्या सहकाऱ्याला निवडायला सांगा आणि पुन्हा उघडू नका. मग प्रत्येक मॉडेलकडून त्या दोन जागी कोणता खडक किती खोलीवर लागेल, किती मीटर इकडेतिकडे, हे लिहून घ्या, मार्गदर्शकांची तारखेसह सही घ्या, आणि त्यानंतरच लॉग उघडा.